दाखवायचे दात

हत्तीचे दाखवायचे दात वेगळे आणि खायचे वेगळे, असं आपण हत्तीला नावं ठेवण्याच्या सुरात म्हणतो. खरं म्हणजे हा हेवा आहे. हत्तीची सोयच तशी आहे. शोभेचे बाहेर, कामाचे आत; एकाची झीज दुसऱ्याच्या खात्याला लागत नाही. माणसाला मात्र निसर्गाने दोन्ही खात्यांसाठी एकच संच दिला, आणि तोही दोन हप्त्यांत. पहिला हप्ता सहाव्या-सातव्या वर्षापासून परत घ्यायला सुरुवात होते. दुसरा मिळतो तो 'पुन्हा मिळणार नाही' या शेऱ्यासह. याच दातांनी ऊस सोलायचा, याच दातांनी दोरा तोडायचा आणि घरी पाहुणे आले की याच दातांनी हसायचं.

अलीकडे माणसालाही हत्ती होण्याची सोय झाली आहे. पूर्वी दातांच्या दवाखान्याच्या पाटीवर नुसती एक कवळी रंगवलेली असे. ती बघून निम्म्या लोकांचा दात दुखायचा थांबे. आता तिथे 'स्माइल डिझायनिंग' अशी अक्षरं आणि एक हसणारी बाई असते. या बाईला बत्तीसपेक्षा जास्त दात असावेत असा मला संशय आहे, पण पाटीखाली उभं राहून मोजणं बरं दिसत नाही. तिच्या हनुवटीखाली लिहिलेलं असतं – 'कंपोझिट व्हीनिअर्स. एका बैठकीत.'

आमचे हेडकॅशिअर ही पाटी रोज वाचत बँकेत येतात. तीस वर्षं सुपारी चघळून त्यांचे पुढचे दात आमच्या शाखेच्या इमारतीसारखे, म्हणजे विटकरी आणि जागोजागी पोपडे उडालेले, झाले आहेत. मुलाचं लग्न ठरलं तसे ते एक दिवस डबा खाताना म्हणाले, "हे व्हीनिअर काय प्रकरण असतं हो? तुम्ही वाचता-बिचता ना?" बँकेत जो डब्याखालचा वर्तमानपत्राचा कागद डबा आवरण्याआधी वाचून काढतो तो विद्वान समजला जातो. या विद्वत्तेला जागून मी वाचायला घेतलं. ग्राहकाला घ्यायच्या वस्तूची माहिती द्यावी एवढाच हेतू होता. पण कर्जाची फाइल उघडावी आणि आजोबांच्या सातबाऱ्यापर्यंत जावं लागावं तसं झालं. दाताचा वर्तमान कळायला त्याचा भूतकाळ वाचावा लागला.

व्हीनिअर हा शब्द मूळचा सुताराचा. साध्या प्लायवूडवर सागवानाचा कागदासारखा पातळ पापुद्रा चिकटवला की कपाट सागवानी दिसतं, तो पापुद्रा म्हणजे व्हीनिअर. आमच्या शाखेचं काउंटर नवं होत होतं तेव्हा एक म्हातारा सुतार असा पापुद्रा चढवत होता. चिकटवण्याआधी तो प्लायवूड पॉलिश पेपरने खरडत बसला होता. "चांगलं गुळगुळीत आहे की हो, खराब कशाला करता?" असं मी विचारलं, तर तो मान वर न करता म्हणाला, "साहेब, गुळगुळीतावर काय चिकटत नाही." हे वाक्य लक्षात ठेवा. माणूस जातीला दाताच्या बाबतीत ते कळायला १९५५ साल उजाडावं लागलं.

तोपर्यंत दात सजवायची हौस नव्हती असं नव्हे. अडीच हजार वर्षांपूर्वी इटलीतल्या एट्रुस्कन बायका सोन्याच्या पट्टीत खोटा दात अडकवून शेजारच्या खऱ्या दातांना बांधत. मध्य अमेरिकेतले माया लोक पुढच्या दातांना बारीक गोल भोक पाडून त्यात हिरव्या जेड दगडाची टिकली बसवत, तीही जिवंत माणसाच्या, शुद्धीवरच्या दातात. जपानात दात काळेभोर करायची चाल होती. लोखंडाचा कीस व्हिनेगरमध्ये मुरवून ते पाणी आणि झाडाच्या गाठींची तुरट पूड दातांना लावत. १८७० साली सरकारने उमरावांना ते बंद करायला लावलं. जपानला हसायचं कारण नाही. आपल्याकडेही सुवासिनी दातवण लावून दात काळे करत आणि ते सौभाग्याचं लक्षण मानलं जाई. म्हणजे आमच्या हेडकॅशिअरांचा जन्म शंभर-दीडशे वर्षं आधी आणि जरा पूर्वेकडे झाला असता, तर त्यांच्या दातांची तारीफ झाली असती.

पांढऱ्या दातांचं वेड पश्चिमेचं, आणि तिथेही ते फार दिवस परवडणारं नव्हतं. अमेरिकेचे पहिले राष्ट्राध्यक्ष जॉर्ज वॉशिंग्टन यांनी १७८९ साली शपथ घेतली तेव्हा त्यांच्या तोंडात स्वतःचा म्हणता येईल असा एकच दात उरला होता. त्यांची कवळी लाकडी होती अशी एक लोकप्रिय थाप आहे. खरी कवळी पाणघोड्याचं हस्तिदंत, धातू आणि दुसऱ्या माणसांचे दात मिळून केलेली होती. नोटेवरच्या त्यांच्या चित्रात ते ओठ घट्ट मिटून बसले आहेत. यामागे राजकीय गांभीर्य किती आणि पाणघोडा किती हे सांगणं कठीण. पुढे १८१५ साली वॉटर्लूची लढाई झाली आणि रणांगणावरच्या मेलेल्या सैनिकांचे दात काढून ते कवळ्यांत बसवायचा धंदा इतका चालला, की अशा दातांना 'वॉटर्लूचे दात' असं नावच पडलं. जिवंतपणी देशासाठी आणि मेल्यावर कोणा अनोळखी सावकाराच्या जेवणासाठी. मला हा भाग वाचताना डबा बाजूला ठेवावा लागला.

खऱ्या अर्थाने व्हीनिअर जन्माला आलं ते हॉलिवूडमध्ये, १९३० च्या आसपास. सिनेमा बोलू लागला होता, कॅमेरा चेहऱ्याच्या जवळ आला होता, आणि नायकाने नायिकेकडे बघून हसावं तर पडद्यावर त्याचा एकेक दात टेबलाच्या खणाएवढा दिसायचा. तिथे चार्ल्स पिंकस नावाचे दंतवैद्य होते. त्यांनी नटनट्यांसाठी दातांच्या पुढे बसतील अशी पातळ पांढरी कवचं तयार केली. शर्ली टेंपल ही बालनटी तर अशा वयाची, की तिचे दुधाचे दात शूटिंगची तारीख न पाळता पडत. एका दृश्यात दात आहे, पुढच्या दृश्यात नाही, तिसऱ्यात पुन्हा आहे, असा घोटाळा होऊ नये म्हणून तिलाही पिंकसनी कवचं करून दिली. १९३८ साली त्यांनी या विषयावर लेख लिहिला, त्याचं नावच 'तोंडाचं व्यक्तिमत्त्व उभारणं' अशा अर्थाचं आहे. 'व्यक्तिमत्त्व विकास' या विषयावर बँकेने आम्हाला दोन दिवसांचं ट्रेनिंग दिलं होतं, त्यात तोंड उघडू नका एवढंच सांगितलं होतं.

पण पिंकसच्या कवचांत एक मेख होती. ती चिकटवायची कशाने? दातावर चिकटेल आणि चिकटून राहील असं काही त्या काळी जगात नव्हतं. पिंकस कवळी बसवायची भुकटी वापरत. शूटिंगपुरती कवचं टिकत आणि जेवायची सुट्टी झाली की काढून ठेवावी लागत. म्हणजे ज्या हास्यावर जगभरच्या तरुणांनी झोप गमावली, ते हास्य दुपारी डबीत असायचं. हत्तीची अवस्था माणसाने जवळजवळ गाठली होती. फक्त हत्ती जेवताना सुळे काढून ठेवत नाही.

ही अडचण सोडवली ती अमेरिकेतल्या रॉचेस्टरच्या मायकेल बुओनोकोर यांनी, १९५५ साली. कारखान्यात धातूवर रंग नीट बसावा म्हणून आधी फॉस्फरिक ॲसिड लावतात हे त्यांना माहीत होतं. त्यांनी तेच ॲसिड माणसाच्या दातावर अर्धा मिनिट लावून धुतलं आणि वर प्लॅस्टिकचा थेंब टाकला. ॲसिड न लावलेल्या दातांवरचे थेंब लवकर सुटले, लावलेल्यांवरचे बिलगून राहिले. दाताचं वरचं कवच, ज्याला इनॅमल म्हणतात, ते दिसायला काचेसारखं. ॲसिडने त्याच्यावर डोळ्यांना न दिसणारे लाखो बारीक खड्डे पडतात, पातळ रेझिन त्या खड्ड्यांत उतरतं आणि घट्ट झालं की आत रुतून बसतं. थोडक्यात, आमच्या सुताराचा पॉलिश पेपर. आजही दंतवैद्य हेच करतो. ॲसिड तेव्हापेक्षा पुष्कळ सौम्य, साधारण ३७ टक्के, आणि वेळ पंधरा ते तीस सेकंद.

चिकटण्याचा प्रश्न सुटला, पण चिकटवायचं काय? त्या काळचं साधं ॲक्रिलिक घट्ट होताना आक्रसायचं आणि भराभर झिजायचं. वॉशिंग्टनमधल्या नॅशनल ब्युरो ऑफ स्टँडर्ड्समध्ये, म्हणजे आपल्या वजन-मापवाल्यांच्या थोरल्या भावाकडे, राफाएल बोवेन काम करत. त्यांनी आधी इपॉक्सी रेझिन वापरून पाहिलं. ते मजबूत, पण घट्ट व्हायला इतका वेळ घेई की रोग्याचा दुसरा दात किडावा. मग त्यांनी इपॉक्सी आणि ॲक्रिलिक या दोन घराण्यांचा आंतरजातीय विवाह लावला. जे अपत्य झालं त्यात गारगोटीची बारीक पूड मिसळली. पुडीच्या कणांवर असा लेप दिला की रेझिन तिला सोडणार नाही. १९६२ साली त्यांना त्याचं पेटंट मिळालं. हे कंपोझिट. म्हणजे 'मिश्र', दुसरं काही नाही. पूड आणि बांधणारा राळ: आपल्याकडे गवंडी ज्याला खडी आणि सिमेंट म्हणतो, त्याचीच दाताच्या मापाची आवृत्ती.

सुरुवातीला दोन लगदे एकत्र कालवले की ते आपोआप घट्ट होत. डॉक्टरची घाई व्हायची. १९७० च्या सुमाराला दिवा आला: दिवा लावला की घट्ट, तोवर हवा तसा आकार द्या. पहिला दिवा अतिनील किरणांचा होता, तो खोलवर पोचत नसे आणि डोळ्यांना धोक्याचा. दहा वर्षांच्या आत डोळ्यांना दिसणारा निळा उजेड त्याच्या जागी आला. आज डॉक्टर नारिंगी काच आडवी धरून दातावर जो निळा झोत मारतात तो हाच. तो फार तर दोन मिलिमीटरपर्यंत नीट काम करतो, म्हणून थर एकावर एक, पापडासारखे चढवतात. १९८३ साली पोर्सिलेनलाही आतून ॲसिडने खरबरीत करून दातावर पक्कं बसवायची युक्ती निघाली आणि कंपोझिटला श्रीमंत सावत्र भाऊ मिळाला.

इथपर्यंतचा इतिहास हेडकॅशिअरांना सांगितला. ते म्हणाले, "म्हणजे सगळं नटनट्यांचं थेर." मीही तेच म्हणणार होतो, पण तेवढ्यात पलीकडच्या टेबलावरून आवाज आला, "सगळंच नाही सर."

आमच्या शाखेत वर्षभरापूर्वी एक मुलगी रुजू झाली आहे. यवतमाळ जिल्ह्यातली. हिशेबाला पक्की, ग्राहकांशी गोड. पण हसायची वेळ आली की ती जे हाती लागेल ते तोंडापुढे धरते. पासबुक, व्हाउचर, एकदा तर पंचिंग मशीन. आम्हाला वाटायचं लाजते. त्या दिवशी तिने हातातलं पासबुक खाली ठेवलं. तिच्या पुढच्या चार दातांवर खडूसारखे पांढरे आणि तपकिरी डाग होते. "आमच्याकडे बोअरचं पाणी," ती म्हणाली. "गावात सगळ्यायचेच असे आहेत ना सर. तिथं कोणाले काही वाटत नाही. इथं आली तं वाटाले लागलं." काही वेळ कोणी बोललं नाही. मग हेडकॅशिअरांनी आपला लाडू तिच्या डब्यात टाकला.

मी पुन्हा वाचायला बसलो, आणि या डागांचाही इतिहास निघाला. १९०१ साली फ्रेडरिक मकाय नावाचा तरुण दंतवैद्य अमेरिकेतल्या कोलोरॅडो स्प्रिंग्ज या गावी दवाखाना थाटायला गेला, तर गावात जन्मलेल्या माणसांचे दात तपकिरी. बाहेरून मोठेपणी आलेल्यांचे साफ. लोक म्हणत डुकराचं मांस खाल्ल्याने होतं, कोणी म्हणे दुधाने. मकायने पिच्छा सोडला नाही. १९०९ साली जी. व्ही. ब्लॅक हे त्या काळचे दंतशास्त्रातले भीष्माचार्य त्याच्या मदतीला आले. दोघांना एक विचित्र गोष्ट आढळली: या तपकिरी दातांना कीड कमी लागते. कारण मात्र ब्लॅक गेले तरी सापडलं नाही. ते सापडलं १९३१ साली एका ॲल्युमिनियमच्या कंपनीत. आर्कान्सामधल्या कंपनीच्या गावात मुलांचे दात असेच डागाळत होते, आणि उद्या लोक ॲल्युमिनियमच्या भांड्यांवर खापर फोडतील या धास्तीने कंपनीचे मुख्य रसायनतज्ज्ञ चर्चिल यांनी पाणी तपासलं. (हे चर्चिल वेगळे, दातओठ खाणारे ते दुसरे.) पाण्यात फ्लोराइड भरपूर निघालं. मकायचा शोध तीस वर्षांनी पुरा झाला, तोही भांडी विकणाऱ्यांच्या काळजीमुळे.

आपल्या देशात या रोगाची नोंद १९३७ साली नेल्लोर भागातून झाली. यवतमाळ, चंद्रपूर, नांदेड या जिल्ह्यांतल्या कित्येक गावांत जमिनीखालच्या खडकातून फ्लोराइड पाण्यात उतरतं. लिटरमागे दीड मिलिग्रॅमच्या वर ते गेलं की पाणी पिण्यालायक राहत नाही. पायाचे दात हिरडीखाली घडत असतात त्या वयात, म्हणजे साधारण आठ वर्षांपर्यंत, ते पोटात गेलं की इनॅमल डागाळलेलं आणि सच्छिद्र निघतं. दात घासण्याचा किंवा न घासण्याचा त्यात काही संबंध नाही. गावोगावी हातपंप बसले तेव्हा ओढ्याच्या घाण पाण्यातून सुटका झाली म्हणून लोकांनी नारळ फोडले. त्या नारळाची किंमत पुढची पिढी हसताना तोंडावर हात ठेवून देते आहे.

तेव्हा व्हीनिअर घ्यायचं की नाही हा प्रश्न आता दोन माणसांचा झाला, आणि माझ्या डोक्यात एकाचा दोन झाला की खतावणी सुरू होते. बी.कॉम.ला घेतलेला एवढाच एक विषय आयुष्यात उपयोगी पडला.

पहिली गोष्ट, इनॅमल हे मुद्दल आहे. आणि असं विलक्षण खातं, की ज्यात भरणा होत नाही, फक्त काढता येतं. पुढच्या दातावर ते कडेला जेमतेम मिलिमीटरभर आणि हिरडीजवळ त्याच्याही निम्मं असतं. बुओनोकोरची सारी करामत या इनॅमलवर चालते. ते खरवडून आतल्या डेंटिनपर्यंत गेलात, की पकड कमी होते आणि दात सळसळतो तो वेगळाच. कंपोझिटचं मोठेपण इथे आहे: बहुतेक वेळा ते फारसं न घासता, कधी अजिबात न घासता चढवता येतं. म्हणून दवाखान्यात विचारायचा पहिला प्रश्न 'किती रुपये' हा नाही, 'किती घासणार' हा आहे. काही ठिकाणी व्हीनिअरच्या नावाखाली चांगला दात चारी बाजूंनी घासून खुंटीएवढा करतात आणि वर टोपी बसवतात. त्याला क्राउन म्हणतात. मोडक्या दाताला ते ठीक आहे. धडधाकट दाताला ते म्हणजे भिंतीला रंग द्यायला बोलावलेल्या माणसाने घर पाडण्यासारखं. बिलावर काय लिहिलंय ते आधी वाचावं. सहीआधी वाचा, हे आम्ही ग्राहकांना सांगतो आणि ते वाचत नाहीत.

दुसरी गोष्ट घसारा. कंपोझिट व्हीनिअर हे साधारण पाच ते सात वर्षांचं यंत्र आहे. पोर्सिलेनचं दहा-पंधरा वर्षं जातं, पण ते महाग, त्याला दोन खेपा लागतात आणि दात बहुधा थोडा घासावाच लागतो. कंपोझिटचा टवका उडाला तर त्याच खुर्चीवर ठिगळ लावता येतं. पोर्सिलेन तडकलं की सहसा नवंच करावं लागतं. म्हणजे एक भाड्याचं घर, दुसरं मालकीचं, आणि मालकीच्या घरालाही आयुष्य असतं. यवतमाळच्या कन्येने लगेच कागद घेऊन तिच्या निवृत्तीपर्यंत किती वेळा नूतनीकरण येईल याचा तक्ता मांडला. कर्ज विभागात या मुलीचं भवितव्य उज्ज्वल आहे.

तिसरी गोष्ट म्हणजे डाग. नैसर्गिक दात ब्लीच करून उजळता येतो, कंपोझिट येत नाही. म्हणून दात उजळायचे असतील तर आधी उजळावेत, मग दोनेक आठवडे थांबावं, कारण ब्लीचचा प्राणवायू दातात रेंगाळतो आणि रेझिन नीट चिकटू देत नाही. त्यानंतर त्या नव्या रंगाला जुळणारं कंपोझिट चढवावं. रंग ठरवायचा तोही खुर्चीत बसल्या बसल्या, दिवसाउजेडी. तासभर तोंड उघडं ठेवून वाळलेला दात आहे त्यापेक्षा पांढरा दिसतो आणि मग सगळा हिशेब चुकतो. चढवल्यावर मात्र चहा, कॉफी, तंबाखू, मिश्री आणि आपली लाडकी हळद ही मंडळी कंपोझिटवर आपला रंग सोडतात. पहिले एक-दोन दिवस पिवळं वरणसुद्धा दुरूनच पाहावं. पुढे सहा महिन्यांनी, वर्षाने पॉलिश करून घ्यावं लागतं.

हेडकॅशिअरांना मी सुपारीबद्दल सांगितलं तेव्हा त्यांनी कानावरचं पेन काढून पुन्हा कानावर ठेवलं. सुपारी, उसाचं कांडं, चिक्की, नखं, पेनाचं टोपण आणि दाताने उघडायच्या बाटल्या, यांचं कंपोझिटशी वैर आहे. रात्री झोपेत दात खाणाऱ्याने तर आधी त्याचा बंदोबस्त करावा. त्यासाठी रात्री घालायची प्लॅस्टिकची साची मिळते. हिरड्यांतून रक्त येत असेल तर ती बरी होईपर्यंत थांबावं, कारण ओल्या जागी रेझिन चिकटत नाही. किडलेला दात आधी भरावा. थोडक्यात, आधी केवायसी, मग खातं.

फ्लोरोसिसच्या दातांचं गणित आणखी निराळं. ते इनॅमल ॲसिडला लवकर दाद देत नाही, त्यामुळे डॉक्टरला वेळ वाढवावा लागतो, आणि हे माहीत असलेला डॉक्टर हवा. शिवाय डाग वरवरचे असले तर व्हीनिअरची गरजच पडत नाही. ॲसिड आणि बारीक खरीची पेस्ट चोळून वरचा अगदी पातळ थर काढतात, त्यानेच बरेच डाग फिके होतात. उरलेल्यावर ब्लीच, आणि तरीही उरले तर तेवढ्यापुरतं कंपोझिट. स्वस्तातून महागाकडे जायचं. महागातून स्वस्ताकडे परत येता येत नाही.

आणि मला सगळ्यात आवडलेली गोष्ट. चांगला डॉक्टर आधी नमुना दाखवतो. ॲसिड न लावता, नुसतं कंपोझिट दातावर बसवून दिव्याने घट्ट करतो आणि हातात आरसा देतो. लांबी कशी, रुंदी कशी, 'स' म्हणताना शीळ वाजते का, ओठ मिटतात का, सगळं बघून घ्या. नको असेल तर ते टिचकीने उडून येतं. म्हणजे अर्धा तास आपण पिंकसच्या खुर्चीत बसतो, हॉलिवूडमध्ये. जे डॉक्टर कालच केलेल्या दातांचे फोटो दाखवतात त्यांना चार वर्षांपूर्वी केलेल्या दातांचे मागावेत. आणि दवाखान्यात मागावेत, ब्यूटी पार्लरमध्ये नव्हे. भारतातलं पहिलं दंत महाविद्यालय डॉ. रफीउद्दीन अहमद यांनी १९२० साली कलकत्त्यात काढलं, १९४८ साली दंतवैद्यांच्या नोंदणीचा कायदा झाला. एवढ्या लोकांनी एवढी खटपट केल्यावर भुवया कोरणाऱ्याकडून दात करून घ्यायचं कारण नाही.

मुलगी गेल्या महिन्यात दोन शनिवार डॉक्टरकडे जाऊन आली. डॉक्टरांनी नुसतं चोळून तीन दातांवरचे डाग बरेच घालवले. चौथ्यावरचा तपकिरी राहिला आहे, त्याच्यावर कंपोझिट बसणार आहे. एकाच. तिच्या तक्त्यातले तीन रकाने तिने लाल शाईने काढून टाकले. परवा एका ग्राहकाने चेकवर स्वतःच्या सहीऐवजी बायकोची सही केली, तेव्हा ती मोठ्याने हसली आणि पासबुक टेबलावरच पडून होतं.

हेडकॅशिअरांनीही डॉक्टर गाठला. नमुना बसवून घेतला, आरशात पाहिलं, घरी जाऊन बायकोला दाखवायची परवानगी मागितली. डॉक्टर म्हणाले, हो, पण वाटेत काही खाऊ नका. बसस्टॉपवर बस येईना, म्हणून त्यांचा हात सवयीने खिशाकडे गेला. दुसऱ्या दिवशी ते विटकरी दातांनीच कामावर आले. पांढरा तुकडा त्यांनी सुपारीच्या डबीत जपून ठेवला आहे आणि मागितला तर दाखवतात.